पंधरा ऑक्टोबरचा हिशेब : जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणि जायकवाडीचं पाणी

दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या सुमारास मराठवाडा आणि नगर-नाशिक या दोन्हीकडची माणसं एकच आकडा शोधत असतात. नाथसागरात, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयात, उपयुक्त साठा किती टक्के आहे? ६५ किंवा त्याहून जास्त असेल तर वर्षभर या विषयावर कुणी तोंड उघडत नाही. कमी असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून खाली पाणी सोडायची वेळ येते, आणि मोर्चे, रास्ता रोको, न्यायालयात धाव, नदीकाठची वीज तोडणं आणि पोलीस बंदोबस्त असा ठरलेला क्रम सुरू होतो. हा ६५ चा आकडा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण या संस्थेच्या एका आदेशातून आला. २००५ साली स्थापन झालेल्या या संस्थेकडून अपेक्षा बऱ्याच होत्या. सामान्य शेतकऱ्याला तिचं नाव ठाऊक झालं ते मात्र बहुतांशी या एका आदेशामुळे. म्हणून संस्थेचा इतिहास सांगताना मी हेच प्रकरण धरून चालतो आहे.

आधीचं पाणी

भांडण २०१२ च्या दुष्काळात पेटलं, पण त्याची मुळं शंभर वर्षं मागे जातात. नाशिकजवळ दारणा धरण १९१६ मध्ये पूर्ण झालं. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीचे डावे-उजवे कालवे निफाड, कोपरगाव, राहाता भागात गेले. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यांत आलं. ब्रिटिशांचा मूळ हेतू दुष्काळ निवारणाचा होता. पण कालव्याचा खर्च भरून निघायचा तर हुकमी पाणीपट्टी देणारं पीक हवं, म्हणून ब्लॉक पद्धतीने ऊस आला. पुढे प्रवरा काठावर लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० पासून त्याचं गाळप सुरू झालं. म्हणजे आज ज्यांना ‘वरचे’ म्हणतात त्यांची शेती, कारखाने, सोसायट्या आणि राजकारण हे सगळं मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हापासून या पाण्यावर रुजत गेलं.

मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. जायकवाडी हे त्याला मिळालेलं सगळ्यात मोठं धरण. आधी विचार होता तो बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ बांधण्याचा. जागा बदलून पैठणला गेली, नाव तेवढं मागे राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन. जवळपास दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, २७ दरवाजे, २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर) म्हणजे सुमारे ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट) उपयुक्त साठा. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२.

मोठं धरण आणि गरीब पाऊस अशी ही जोडी आहे. पैठणच्या आसपास जे पडतं त्यावर नाथसागर भरत नाही. तो भरतो त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, अकोले या घाटाकडच्या पावसावर, आणि तो पाऊस आधी दारणा, गंगापूर, पालखेड, भंडारदरा, मुळा अशी धरणं ओलांडून खाली यावा लागतो. जायकवाडीनंतरही वर धरणं बांधली गेली. मुकणे, भावली, वाकी, भाम, काश्यपी, गौतमी गोदावरी, निळवंडे. खालच्या धरणाला किती पाणी येईल याचा हिशेब एकदा करून ठेवायचा आणि मग वर बांधत राहायचं, हे कुणा एका सरकारचं काम नव्हे. सगळ्यांनी मिळून केलं.

इथे एक गुंता सांगितला पाहिजे, कारण ‘मराठवाडा विरुद्ध नगर-नाशिक’ ही मांडणी वाटते तितकी सरळ नाही. मुकणे, भावली, वाकी, भाम ही धरणं इगतपुरीकडची खरी, पण त्यांचं पाणी नांदूर मधमेश्वरच्या जलद कालव्याने वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांत जायचं आहे. हे तालुके मराठवाड्याचे; हे गंगापूर नाशिकच्या गंगापूर धरणाहून वेगळं. दारणा समूहातून खाली पाणी सोडा असं छत्रपती संभाजीनगरात म्हटलं जातं, तेव्हा वैजापूरचा शेतकरी जिल्ह्याने खालचा आणि पाण्याने वरचा असतो.

कायदा कुठून आला

१९९० च्या दशकाअखेर राज्यात एकामागून एक पाटबंधारे विकास महामंडळं निघाली. १९९६ मध्ये कृष्णा खोरे, त्यानंतर विदर्भ, तापी, कोकण आणि १९९८ मध्ये गोदावरी मराठवाडा. त्यांचा उद्देश स्पष्ट होता, कर्जरोखे काढायचे आणि धरणं बांधायची. बांधून झालेल्या धरणातलं पाणी कुणाला, किती, कशाच्या आधारावर द्यायचं, हा त्यांचा विषय नव्हता. जलसंपदा विभागाकडे १९७६ चा पाटबंधारे अधिनियम होता, पण त्याचे नियमच कधी केले गेले नाहीत. कारभार चालत होता १९३४ च्या मुंबई कालवे नियमांवर. कालवा सल्लागार समितीची बैठक, मंत्र्यांचा शब्द, पाटकऱ्याची मेहेरबानी आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या, शेतकऱ्याचं नशीब यांवर आवर्तनं (पाण्याच्या पाळ्या) ठरत.

माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सिंचन आयोगाने १९९९ मध्ये अहवाल दिला आणि जिल्हे-विभागांऐवजी नदीखोरं धरून विचार करायला सांगितलं. २००३ मध्ये राज्याची जलनीती आली. त्यात पिण्याच्या पाण्यानंतर दुसरा क्रमांक उद्योगाला आणि तिसरा शेतीला दिला होता. २०११ मध्ये तो उलटवून शेती पुन्हा दुसरी केली गेली. आणि २००५ मध्ये जागतिक बँकेने जलक्षेत्र सुधार प्रकल्पासाठी ३२.५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. सुधारणांची अट त्यात होतीच. त्याच वर्षी दोन कायदे झाले. एकाने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना कायद्याचं बळ दिलं, दुसऱ्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण उभं केलं.

प्राधिकरणाची कल्पना वीज नियामक आयोगावरून घेतलेली होती. मुख्य सचिव दर्जाचा अध्यक्ष, एक पाण्याचा अभियंता, एक पाण्याचा अर्थतज्ज्ञ. पहिले अध्यक्ष माजी मुख्य सचिव अजित निंबाळकर. कार्यालय मुंबईत, कफ परेडला. कामं तीन मुख्य : ठोक पाणीपट्टीचे दर ठरवणं, पाण्याचे हक्क ठरवून देणं आणि टंचाईत समन्यायी वाटप. नवे प्रकल्प मंजूर करताना ते एकात्मिक राज्य जल आराखड्यात बसतात का, हेही बघायचं होतं. आराखडा सहा महिन्यांत तयार व्हायचा होता. त्यासाठी मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली जलमंडळ आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली जलपरिषद अशी रचना होती.

जलपरिषदेची पहिली बैठक झाली जानेवारी २०१५ मध्ये. कायदा २००५ चा! तीही आपणहून झाली नाही. औरंगाबादच्या वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन) संस्थेतून निवृत्त झालेले प्राध्यापक प्रदीप पुरंदरे यांनी जनहित याचिका केली, उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये आराखडा होईपर्यंत नव्या प्रकल्पांना मनाई केली, आणि मग सगळ्यांना आठवण झाली. गोदावरीचा आराखडा मंजूर व्हायला २०१७ उजाडलं. मधल्या काळात आराखड्याशिवायच प्रकल्पांना मान्यता देणं चालूच होतं.

दुसरा धक्का २०११ चा. कोणत्या क्षेत्राला किती पाणी, म्हणजे शेतीचं किती काढून वीज प्रकल्पाला किंवा उद्योगाला द्यायचं, हा निर्णय मंत्र्यांची उच्चाधिकार समिती घेत आली होती. कायद्यानुसार तो प्राधिकरणाचा असायला हवा होता, असा आक्षेप न्यायालयात आणि विधिमंडळाबाहेर तापत होता. त्यावर सरकारने कायदाच दुरुस्त केला. क्षेत्रीय वाटप मंत्रिमंडळाकडे गेलं, आधीचे निर्णय मागच्या तारखेने वैध झाले, आणि पाण्याचे हक्क फक्त तिथेच लागू जिथे पाणी वापर संस्थांच्या कायद्याखाली क्षेत्र आणलं गेलं आहे, असं कुंपण पडलं. म्हणजे कामांपैकी दर ठरवणं तेवढं पूर्णपणे हातात राहिलं. ते काम प्राधिकरणाने केलंही. २०११ मध्ये पहिला ठोक जलदर आदेश निघाला. पण दरासाठी एवढी मोठी संस्था लागत नाही.

कलम १२ (६) (ग)

राहिलं होतं एक कलम. त्याचा आशय असा : खोऱ्यातल्या किंवा उपखोऱ्यातल्या टंचाईचा भार सगळ्यांनी सारखा उचलावा म्हणून, खरीपातला वापर धरून, सर्व जलाशयांतल्या उपलब्ध पाण्याची टक्केवारी ऑक्टोबरअखेर साधारण सारखी राहील असं नियंत्रण करावं.

२००५ मध्ये हे कलम विधिमंडळातून गेलं तेव्हा त्यावर फारशी खळखळ झाली नाही. नगर-नाशिकचे दिग्गज सभागृहात होते. त्यांनी ते वाचलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. बहुधा असं कलम कधी वापरलं जाईल यावर कुणाचाच विश्वास नव्हता. जे नियम केले नाहीत, ज्याची पद्धत लिहिली नाही, ते कलम कागदावर कुणालाच बोचत नाही. पुढची काही वर्षं पाऊसही बरा झाला. २००६ ला तर पैठणचे दरवाजे उघडून गोदाकाठी महापूर आला होता.

मग २०१२ आलं. मराठवाड्यातला तो दुष्काळ १९७२ शी तोलला गेला. नाथसागराचा उपयुक्त साठा जवळजवळ संपला. औरंगाबाद आणि जालना शहरं, वाळूज-चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, शेकडो गावांच्या नळयोजना यांची तहान त्याच साठ्यावर भागते. वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागलं, पण सोडलं ते सरकारने, टंचाईचा निर्णय म्हणून, बऱ्याच ओढाताणीनंतर. कोरड्या ठणठणीत नदीपात्रातून येताना त्यातलं किती पोचलं यावरून पुन्हा वेगळं भांडण झालं. मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांना तेव्हा कायद्यातलं हे कलम सापडलं, असं म्हणायला हरकत नाही. मराठवाडा जनता विकास परिषदेने प्राधिकरणाकडे याचिका केली. आम्हाला दुष्काळी मदत म्हणून पाणी नको, कायद्याने जे सांगितलं ते करा, एवढंच तिचं सार.

इथून या प्रकरणाची जात बदलली. पाणी मागणारा आता मंत्रालयाच्या दारात उभा नव्हता. तो एका अर्धन्यायिक संस्थेसमोर होता, आणि त्या संस्थेला ‘बघू, करू’ म्हणता येत नव्हतं.

मेंढेगिरी अहवाल आणि १९ सप्टेंबर २०१४

अडचण खरी होती. ‘टक्केवारी साधारण सारखी’ म्हणजे नेमकं काय? मुळा धरण ८० टक्के भरलं आणि पैठण ४० टक्के, तर दोन्हीकडे ६० करायचं का? पैठणचं एक टक्का म्हणजे २१ दलघमीहून जास्त पाणी, वरच्या एखाद्या छोट्या धरणाचं सगळं धरण त्यापेक्षा थोडंच मोठं. खरीपात वरच्यांनी वापरलेलं पाणी कसं मोजायचं? वाटेत मुरणारं, उडणारं पाणी कुणाच्या खात्यावर?

याच्या उत्तरासाठी हि. ता. मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला होता. त्याने २०१३ मध्ये अहवाल दिला. वरच्या धरणांचे समूह पाडले : गंगापूर, दारणा, पालखेड, मुळा, प्रवरा. एका एका धरणाशी भांडण्याऐवजी समूहाशी हिशेब. मग वर्ष कसं आहे त्यानुसार वेगवेगळ्या पायऱ्या. पैठणला अमुक इतकं असेल तर वरच्या समूहाने तमुक इतकंच धरून ठेवावं, बाकी सोडावं, असं कोष्टक. खालच्या धरणात १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा ६५ टक्के असेल तर वरून सोडण्याची गरज नाही.

१९ सप्टेंबर २०१४ रोजी प्राधिकरणाने याच कोष्टकाच्या आधारे आदेश दिला. सोडायचं पाणी मोजायची जबाबदारी गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाच्या कार्यकारी संचालकांवर आली, कारण २००५ च्या कायद्याने ही महामंडळंच ‘नदीखोरे अभिकरण’ ठरवली होती. धरणं बांधायला काढलेलं महामंडळ आता पाण्याचं न्यायवाटप करणार होतं, आणि गंमत म्हणजे वरची आणि खालची दोन्ही धरणं त्याच्याच अखत्यारीत येतात.

हा आदेश वाचताना एक गोष्ट नीट बघावी. मूळ कलमात ६५ चा उल्लेख नाही. कलम म्हणतं सारखी टक्केवारी. वरची सगळी धरणं १०० टक्के आणि पैठण ६६ टक्के असेल तर आदेशानुसार थेंबही सुटत नाही. मराठवाड्यातल्या अनेक अभ्यासकांना त्यामुळे हा आदेश म्हणजे कलमाला लावलेली कात्री वाटतो. वरच्यांना तो अन्याय वाटतो, कारण त्यांच्या मते त्यांच्या कालव्यांचं पाणी आधीच नाशिकच्या शहरीकरणाने खाल्लं आहे. माझं मत विचाराल तर, ६५ चा उंबरठा नसता तर आदेश एक वर्षही टिकला नसता. सारखी टक्केवारी ही शुद्ध कल्पना अंमलात आणायची तर दर ऑक्टोबरला खोरंभर पाणी हलवत बसावं लागलं असतं, आणि निम्मं वाटेतच मुरलं असतं. प्राधिकरणाने कलमाचा धारदारपणा कमी केला आणि त्या बदल्यात ते वापरता येईल असं केलं. व्यवहाराने पाहिलं तर तो सौदा योग्य होता.

उच्च न्यायालयात दोन्ही बाजू गेल्या. कोपरगावच्या संजीवनी (टाकळी) सहकारी साखर कारखान्याची याचिका त्यात होती, मराठवाड्याच्याही होत्या. २३ सप्टेंबर २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचा आदेश उचलून धरला. समन्यायी वाटपाच्या तरतुदीला न्यायालयाचा शिक्का मिळाला, पिण्याच्या पाण्याच्या हक्काची आठवणही राज्याला करून दिली गेली. तोपर्यंत २०१५ चा दुष्काळ होऊन गेला होता.

तीन वेळा सुटलेलं पाणी

आदेश कागदावर किती टिकतो हे दुष्काळातच कळतं. तीन वर्षांचे आकडे बोलके आहेत.

ऑक्टोबर २०१५ मध्ये महामंडळाने १२.८४ टीएमसी सोडायला सांगितलं. मुळा १.७४, प्रवरा ६.५०, गंगापूर १.३६, दारणा ३.२४. नाशिकला त्याच वर्षी सिंहस्थ झाला होता, शाहीस्नानासाठी धरणातून पाणी सोडण्यावरून न्यायालयाने सुनावलंही होतं. त्यामुळे गंगापूरच्या पाण्याचा विषय नाशिककरांना जास्तच लागला. पाणी सुटलं. तरीही पुढच्या उन्हाळ्यात जायकवाडीचा उपयुक्त साठा संपून ते मृतसाठ्यात गेलं.

२०१८ मध्ये आदेश ८.९९ टीएमसीचा. मुळा १.९०, प्रवरा ३.८५, गंगापूर ०.६०, दारणा २.०४, पालखेड ०.६०. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, स्थगिती मिळाली नाही आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला दरवाजे उचलले.

२०२३ ची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण यंत्रणा कुठे अडखळते ते तीत दिसतं. पैठणचा साठा निम्म्याच्या आत होता. २६ ऑक्टोबरला पंतप्रधानांनी निळवंडे धरणाचं जलपूजन केलं आणि डाव्या कालव्याचं लोकार्पण केलं. १९७० मध्ये मंजूर झालेला हा प्रकल्प. अकोले, संगमनेर, राहाता भागातल्या जिरायती गावांनी दोन पिढ्या त्याची वाट पाहिलेली. चार दिवसांनी, ३० ऑक्टोबरला महामंडळाचा आदेश निघाला : ८.६०३ टीएमसी. मुळा २.१०, गंगापूर ०.५०, दारणा २.६४३, आणि प्रवरा समूह ३.३६. या शेवटच्या समूहात निळवंडे येतं. ज्यांच्या शेतात पहिल्यांदा कालव्याचं पाणी यायचं होतं त्यांना आठवड्याच्या आत कळलं की त्यांच्या धरणातलं पाणी खाली जाणार. त्यांचा संताप खोटा म्हणता येणार नाही.

आदेश निघाला, पाणी सुटेना. बैठका, निवेदनं, कायदा-सुव्यवस्थेचं कारण, पुन्हा सर्वोच्च न्यायालय. न्यायालयाने स्थगिती नाकारली, मराठवाड्यात रास्ता रोको झाला, आणि २४ नोव्हेंबरच्या सुमारास विसर्ग सुरू झाला. जवळजवळ महिना गेला. तोवर वरचं रब्बीचं आवर्तन तोंडावर आलेलं, खाली पेरण्या खोळंबलेल्या.

या महिन्याची जबाबदारी कुणाची? प्राधिकरणाची म्हणावं तर त्याच्याकडे दरवाजे नाहीत. त्याच्याकडे आदेश आहेत. दरवाजे उचलतो तो जलसंपदा विभागाचा अभियंता. त्याची बदली करतं मंत्रालय. मंत्रालयात बसतात ते लोक ज्यांचे मतदारसंघ एकतर वर आहेत किंवा खाली. वीज नियामकाचा आदेश मोडला तर वितरण कंपनीला किंमत मोजावी लागते. इथे आदेश देणारी आणि आदेश घेणारी दोन्ही टोकं सरकारचीच आहेत, आणि उशीर केल्याबद्दल कुणाला दंड झाल्याचं काही पुढे आलेलं नाही. म्हणून दरवेळी शेवटचा धक्का न्यायालयाला द्यावा लागतो.

नदीतली गळती हा तांत्रिक प्रश्न वाटतो, पण तोही शेवटी इथेच येऊन थांबतो. मुळेचं पाणी प्रवरेतून प्रवरासंगमला गोदावरीत येतं, दारणा-गंगापूरचं नांदूर मधमेश्वरवरून कोपरगाव, पुणतांब्यामार्गे. वाटेत कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. त्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले नाहीत तर पाणी तिथेच अडतं. काठावरचे पंप बंद ठेवायचे म्हणून वीज तोडली की विहिरीवरच्या पिण्याच्या पाण्याचीही पंचाईत. ऑक्टोबरअखेरीस सोडलं, पात्र अजून ओलं असताना, तर मुरणं कमी. नोव्हेंबरअखेरीस सोडलं तर कोरडं पात्र आधी स्वतःची तहान भागवतं. म्हणजे आदेशाला झालेला प्रत्येक दिवसाचा उशीर पाण्यातच मोजला जातो, आणि तो तोटा वरच्यांचा आणि खालच्यांचा दोघांचाही असतो. कायद्याने ऑक्टोबरअखेर ही वेळ उगीच घातलेली नाही.

६५ की ५८

२०१७, २०१९, २०२०, २०२१, २०२२ या वर्षांत नाथसागर भरला. त्या वर्षांत कलम १२ (६) (ग) कुणाच्या ओठावर नव्हतं. खरं तर मोजमाप सुधारायला, पाणी वापर संस्था उभ्या करायला, बंधाऱ्यांची व्यवस्था ठरवायला तीच वर्षं होती. भरल्या धरणाने सगळ्यांना निवांत केलं.

२०२३ मध्ये मेंढेगिरी अहवालाच्या फेरविचारासाठी नवी समिती आली, नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे महासंचालक प्रमोद मांदाडे यांच्या अध्यक्षतेखाली. तिने पैठणचा उंबरठा ६५ वरून ५८ टक्क्यांवर आणायची शिफारस केली. हा फरक ऐकायला लहान वाटतो. २१७१ दलघमीचे सात टक्के म्हणजे सुमारे १५२ दलघमी, साडेपाच टीएमसीच्या जवळपास. २०१८ मध्ये जे सोडलं त्याच्या निम्म्याहून जास्त. मराठवाड्यात त्यावर ओरड झाली ती उगीच नव्हे.

वरच्यांच्या बाजूचे मुद्दे मात्र बिनबुडाचे नाहीत. नाथसागर उथळ आहे, पसरट आहे. साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पाण्याचा पसारा उन्हाळाभर तापत असतो आणि त्यातून मोठा हिस्सा वाफ होऊन जातो. गाळाने क्षमता घटते आहे, मग टक्केवारी जुन्या क्षमतेवर का मोजायची? फुगवट्यातून होणारा उपसा, खालच्या उसाचं क्षेत्र यांचा हिशेब कोण देतो? ‘वरचे ऊस पिकवतात आणि आम्हाला प्यायला नाही’ ही घोषणा गोदाकाठच्या खालच्या कारखान्यांची धुराडी मोजली की जरा अडखळते. दोन्हीकडे उसाला पाणी लागतं आणि दोन्हीकडे ते कुणी मोजत नाही.

पश्चिमेकडे समुद्राला मिळणारं पाणी वळवून गोदावरीत आणायचं, म्हणजे भांडणच उरणार नाही, असं दोन्हीकडचे पुढारी हल्ली एका सुरात सांगतात. प्रकल्प होतील तेव्हा होतील. पण तेही पाणी आधी वरच्या धरणांतच पडणार आहे, आणि त्यातलं खाली किती सोडायचं हे ठरवायला पुन्हा याच संस्थेकडे यावं लागेल.

समितीच्या आकड्यावर वाद घालणाऱ्यांना माझा प्रश्न वेगळा आहे. १२ (६) (ग) हे कलम धरणाधरणांत समानता आणतं, आणि पैठणच्या भिंतीशी थांबतं. तिथून पुढे डावा कालवा २०८ किलोमीटर जातो, परभणीपर्यंत. नगर-नाशिकच्या शेतकऱ्याकडून कोर्टकचेरी करून आणलेलं पाणी त्या कालव्यात सुटतं तेव्हा शिरावरच्याला किती आणि टेलच्याला किती, याचं उत्तर देणारी व्यवस्था कायद्यात होती : मोजून दिलेला पाणीहक्क, तो घेणारी पाणी वापर संस्था आणि तक्रार ऐकणारं प्राधिकरण. २०११ च्या दुरुस्तीने तिला कुंपण घातलं, आणि जायकवाडीच्या लाभक्षेत्रातला मोठा भाग त्या कुंपणाबाहेर राहिला. तिथे अजूनही कालवा फोडणारा आणि चारीवर रात्र काढणारा यांच्यातच वाटप होतं. मराठवाड्याने ६५ टक्क्यांसाठी जेवढा जोर लावला त्याच्या चौथा हिस्सा जोर या दुरुस्तीविरुद्ध लावल्याचं मला तरी दिसलेलं नाही. ५८ मान्य होवो की ६५ राहो, परभणीच्या चारीवर त्याने काही बदलत नाही. ते बदलायचं तर दुरुस्तीतली हक्कांची अट काढावी लागेल, आणि ती मागणी कफ परेडच्या कार्यालयात नव्हे, विधिमंडळात करावी लागेल.